‘ग्रेव्ही?’ आणि ‘ग्रेव्ही.’

सत्तरचं दशक. ब्रिटनमधल्या एका मोठ्या विमानतळावरचं कर्मचाऱ्यांचं कॅन्टीन. वाढायला भारतीय आणि पाकिस्तानी बायका नव्याने लागलेल्या. माल चढवणारे-उतरवणारे कामगार ताट घेऊन रांगेत येतात, मटण घेतात, आणि पुढे उभी असलेली बाई रश्शाचा डाव हातात धरून एकच शब्द म्हणते: ‘ग्रेव्ही.’

एवढ्यावरून वातावरण तापलं. कामगार म्हणू लागले, या बायका उद्धट आहेत. साहेबलोक म्हणाले, तुटक वागतात, सहकार्य करत नाहीत. बायकांचंही म्हणणं होतंच: आम्ही मान मोडून काम करतो, तरी हे आमच्याशी फटकून वागतात, आमचा रंग बघूनच ठरवून टाकतात. खरं तर दोन्ही बाजूंमध्ये दिवसभरात जेमतेम चार शब्दांची देवाणघेवाण व्हायची. त्या चार शब्दांत एवढं बिनसलं कसं, हे शोधायला जॉन गम्पर्झ नावाचे भाषाशास्त्रज्ञ आले. त्यांनी बोलणं टेप केलं आणि पुन्हा पुन्हा ऐकलं.

सापडलं ते इतकं छोटं होतं की विश्वास बसू नये. ब्रिटिश वाढपिणी ‘ग्रेव्ही?’ असं शेवटी सूर चढवून म्हणायच्या. ऐकणाऱ्याला ते ‘वाढू का?’ असं ऐकू यायचं. आपल्या बायका तोच शब्द सूर खाली आणून म्हणायच्या. ऐकणाऱ्याला ते ‘ही ग्रेव्ही आहे, घ्यायची तर घ्या’ असं लागायचं. सुरुवातीला टेप ऐकूनही बायकांना फरक कळेना. दोन्हीकडे शब्द तोच, मग वेगळं काय? उलगडा झाला तेव्हा कितीतरी दिवसांच्या कपाळावरच्या आठ्यांचा अर्थ लागला. साहेबलोकांनाही कळलं की या बायकांच्या भाषेत अदबीने विचारायची रीतच ही आहे.

आपण पंगतीत जेवलेली माणसं. वाढपी ‘मठ्ठा... मठ्ठा...’ करत ओळीतून जातो, सूर अगदी सपाट. त्याच्यावर आजवर कोणी रागावलंय? तो मठ्ठ्याची माहिती देत नसतो, आग्रह करत असतो, हे आपल्या कानाला जन्मापासून ठाऊक आहे. त्या कॅन्टीनमधल्या बायकांनी पंगत वाढली तशी ग्रेव्ही वाढली. ही गोष्ट मला आतून हलवते ती त्यामुळेच. त्यांच्या वागण्यात अपमान कुठेच नव्हता, आणि तरी तो समोरच्याच्या कानात तयार होत होता.

हेच गम्पर्झ सांगलीत

ग्रेव्हीची ही गोष्ट ऐकणारी मंडळी आणखी एका गोष्टीवर हमखास चकित होतात: हे बर्कलीचे गम्पर्झ आपल्या सांगली जिल्ह्यात येऊन गेले होते. कुपवाडला. रॉबर्ट विल्सन यांच्यासोबतचा त्यांचा १९७१चा कुपवाडवरचा लेख जगभरातले भाषाशास्त्राचे विद्यार्थी वाचतात. गावात जैन आणि लिंगायत घरांत कानडी, मुसलमान घरांत उर्दू, दोर वळणाऱ्यांच्या घरांत तेलुगू, आणि शेतावर, व्यवहारात सगळ्यांची मिळून मराठी. शेकडो वर्षं एकमेकांशी कामाचं बोलून बोलून या भाषांची वाक्यरचना इतकी जवळ आली की कानडी वाक्यातले शब्द एकेक करून काढावेत, जागेवर मराठी किंवा उर्दू शब्द ठेवावेत, आणि वाक्य तसंच उभं राहावं. शब्द आपापले, साचा सगळ्यांचा. विमानतळावर एका शब्दाचा सूर जुळला नाही, आणि कुपवाडात आख्खी व्याकरणं जुळली. कुपवाडकरांच्या हाताशी मात्र शतकं होती.

बारा हजार माणसं, एकच नाव

सुराकडून आता हाकेकडे. अमेरिकेतल्या यादवी युद्धानंतर जॉर्ज पुलमन यांच्या कंपनीने आगगाडीचे झोपायचे डबे चालवले. त्यात प्रवाशांच्या गाद्या घालायला, बूट चमकवायला, सामान उचलायला काळे पोर्टर ठेवले. सुरुवातीचे बरेचसे नुकतेच गुलामीतून सुटलेले. गोरे प्रवासी या सगळ्यांना एकाच नावाने हाक मारायचे: ‘जॉर्ज’. मालक जॉर्ज पुलमन, म्हणून त्याचा माणूसही जॉर्ज. गुलामांना मालकाच्या नावाने ओळखायची जुनी सवय डब्यात बसून पुढे निघाली होती.

यावर पहिली संघटित तक्रार कोणी केली? गोऱ्या जॉर्जांनी! १९१४ मध्ये जॉर्ज ड्युलनी नावाच्या एका श्रीमंत गृहस्थाने ‘पोर्टरला जॉर्ज म्हणू नका’ अशा नावाची एक संस्थाच काढली. आपलं चांगलं नाव असं वापरलं जातं, हे त्याचं दुःख. १९२६ मध्ये कंपनीने प्रत्येक डब्यात कामावरच्या पोर्टरच्या नावाची छोटी पाटी लावायला सुरुवात केली. तेव्हा मोजदाद झाली, आणि सुमारे १२,००० पोर्टर आणि वेटरांपैकी खरोखर जॉर्ज नावाचे निघाले ३६२.

पोर्टरांची स्वतःची लढाई याहून खोल होती. १९२५ मध्ये ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली त्यांनी युनियन बांधली. महिन्याला चारशे तासांच्या आसपास काम, पगार बेताचा, पोट भरायचं ते बक्षिसीवर. आणि बक्षिसी हवी तर ‘जॉर्ज’ या हाकेला हसून ओ द्यायची. बारा वर्षं झगडून १९३७ मध्ये त्यांनी पुलमन कंपनीशी करार केला. हेच रँडॉल्फ १९६३ च्या वॉशिंग्टन मोर्चाच्या अग्रभागी होते, ज्या मोर्चात मार्टिन ल्यूथर किंग यांचं ते गाजलेलं भाषण झालं.

आपल्याकडे चहाच्या टपरीवर ‘ए छोटू’ म्हणताना ते ३६२ आठवावेत, असं मला मनापासून वाटतं. त्या मुलाला आईवडिलांनी बारसं करून काहीतरी नाव ठेवलेलं असतं.

‘मिस हॅमिल्टन म्हणा’

१९६३, अलाबामातलं गॅड्सडेन गाव. नागरी हक्क चळवळीच्या कार्यकर्त्या मेरी हॅमिल्टन न्यायालयात साक्षीला उभ्या. त्या काळी तिथल्या कोर्टात गोऱ्या साक्षीदाराला ‘मिस्टर’, ‘मिसेस’, ‘मिस’ लावायचे, काळ्यांना नुसत्या नावाने पुकारायचे. सरकारी वकील म्हणाला, ‘मेरी’. त्यांनी सांगितलं, मला नीट संबोधल्याशिवाय मी उत्तर देणार नाही. न्यायाधीशांनी बजावलं, तरी नाही. न्यायालयाच्या अवमानाबद्दल पाच दिवस कैद आणि ५० डॉलर दंड. प्रकरण थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९६४ मध्ये तिथे शिक्षा रद्द झाली. तोंडी युक्तिवाद ऐकायचीही न्यायमूर्तींना गरज वाटली नाही.

आता घरचं उदाहरण. फेब्रुवारी २०२२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात एक वकील न्यायमूर्ती रेखा पल्ली यांना सारखं ‘सर’ म्हणत होते. त्यांनी थांबवलं: मी सर नाही. वकिलांनी खुलासा केला की आपण ज्या खुर्चीवर बसला आहात तिच्यामुळे तोंडातून निघतं. यावर न्यायमूर्तींचं उत्तर नेमकं होतं. खुर्ची ‘सरां’चीच असते असं वाटत असेल, तर ते आणखी वाईट.

पाटील साहेब आणि सुनीता मॅडम

कुठल्याही मराठी कचेरीत जा. ‘पाटील साहेब आलेत का?’ ‘कुलकर्णी सर केबिनमध्ये आहेत.’ आणि लगेच, ‘सुनीता मॅडमना विचारा.’ पुरुषाचं आडनाव, बाईचं नाव. दोघांचा हुद्दा एकच असला तरी.

हे फक्त आपलंच असेल असं मला बरीच वर्षं वाटायचं. २०१८ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातल्या स्टाव्ह अटीर आणि मेलिसा फर्ग्युसन यांनी मोजून दाखवलं की इंग्रजीतही तेच चालतं. व्यावसायिकांबद्दल बोलताना पुरुषांना नुसत्या आडनावाने संबोधण्याचं प्रमाण बायकांच्या दुपटीहून जास्त निघालं. त्याचा परिणामही मोजला गेला: आडनावाने उल्लेख झालेला माणूस लोकांना जास्त नामांकित आणि मोठा वाटतो. म्हणजे ‘सुनीता मॅडम’ या हाकेत माया आहे, हे खरं. पण त्या मायेपायी उंची थोडी कमी होते.

डॉक्टरांच्या सभांमध्येही हेच. मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात व्याख्यात्याची ओळख करून देताना काय म्हणतात ते तपासलं. पुरुषाने पुरुषाची ओळख करून दिली तर ‘डॉक्टर’ ही पदवी ७२.४ टक्के वेळा लागली. पुरुषाने बाईची ओळख करून दिली तर ४९.२ टक्के. आणि ओळख करून देणारी बाई असेल तर? समोर कोणीही असो, ९६.२ टक्के वेळा पदवी आली. ज्यांची पदवी सारखी गळून पडते, त्याच दुसऱ्याची पदवी जपून घेतात.

स्टीव्ह नावाची बाई

१९६२ मध्ये इंग्लंडमध्ये स्टेफनी शर्ली यांनी घरातूनच सॉफ्टवेअर कंपनी सुरू केली. लहानपणी नाझींच्या तावडीतून सुटून, आगगाडीने आलेली ही निर्वासित मुलगी. कामावर घेतल्या त्या बहुतांशी मुलंबाळं झाल्यावर नोकरी सुटलेल्या, घरून काम करणाऱ्या बायका. पहिल्या ३०० माणसांत पुरुष फक्त तीन. पण ग्राहकांना पाठवलेल्या पत्रांना उत्तरच येईना. नवऱ्याने सुचवलं, सही ‘स्टीव्ह’ अशी करून बघ. केली, आणि भेटीच्या वेळा मिळू लागल्या. समोर बाई आली की नकार द्यायला उशीर झालेला असायचा. फोन आला की मागे टाइपरायटरच्या टकटकीची टेप लावायची, म्हणजे घरातल्या मुलांचा आवाज ऑफिसच्या आवाजात विरून जाईल. याच बायकांनी काँकॉर्ड विमानाच्या ब्लॅक बॉक्ससाठी प्रोग्रॅम लिहिले.

शर्लीबाईंची युक्ती मराठीत साधली असती का, हा विचार करत मी एक अख्खी दुपार घालवली. आपलं क्रियापद चहाडखोर. ‘मी पोचलो’, ‘मी पोचले’: एका मात्रेवर सगळं उघड. ‘मी बघतो’ आणि ‘मी बघते’ तसंच. पण नीट शोधलं तर पळवाटा भरपूर आहेत! ‘मी काम केलं’, ‘मी पत्र पाठवलं’, ‘मी उद्या येईन’, ‘मला मान्य आहे’ ही वाक्यं कोणाच्याही तोंडी तशीच राहतात. ‘मी म्हणाले’ ऐवजी ‘मी सांगितलं’ लिहा, झालं काम. केलेली कामं, पुढची वचनं आणि मतं एवढ्यावर भागवलं तर मराठी बाई अख्खं पत्र स्टीव्ह होऊन लिहू शकते. आणि कोल्हापूरकडे तर प्रश्नच मिटला. तिथल्या कितीतरी बायका सरळ ‘मी येतो’, ‘मी जातो’ म्हणतात, आणि त्यांच्या तोंडी ते फार झकास शोभतं.

शर्ली यांच्यानंतर पन्नासहून जास्त वर्षांनीही ही युक्ती निवृत्त झालेली नव्हती. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या दोघी उद्योजिकांनी, पेनेलोपी गॅझिन आणि केट ड्वायर यांनी, सांगितलं की त्यांनी ‘कीथ मॅन’ नावाचा तिसरा भागीदार कल्पनेतून उभा केला होता. त्यांच्या ईमेलना दिवसेंदिवस उत्तर यायचं नाही; कीथला पटकन यायचं, वर आणखी काही मदत हवी का अशी विचारपूस.

४८ पैकी ४६

१९७५ मध्ये डॉन झिमरमन आणि कँडेस वेस्ट या समाजशास्त्रज्ञांनी कॅलिफोर्नियात लोकांच्या गप्पा टेप केल्या. बाई आणि पुरुष यांच्यातल्या ११ संभाषणांत कोणीतरी कोणाला तरी मध्येच तोडल्याचे ४८ प्रसंग निघाले. त्यातले ४६ पुरुषांनी तोडलेले. हा नमुना लहान होता. पुढे इतरांनी केलेल्या अभ्यासांत आकडे इतके टोकाचे आले नाहीत. मग मोठा नमुना बघू, आणि तोही अशा ठिकाणचा जिथे सगळ्यांचा हुद्दा तंतोतंत सारखा: अमेरिकेचं सर्वोच्च न्यायालय. तिथे प्रत्येक तोंडी सुनावणीची लेखी नोंद असते.

टोन्या जेकोबी आणि डिलन श्वेअर्स यांनी २०१७ मध्ये त्या नोंदी चाळल्या. बारा वर्षांत न्यायपीठावर बायका सरासरी २४ टक्के, पण तोडल्या गेलेल्या बोलण्यांपैकी ३२ टक्के त्यांची. त्यांनी दुसऱ्याला तोडल्याचं प्रमाण अवघं ४ टक्के. २०१५ च्या सत्रात तर एकूण व्यत्ययांपैकी ६५.९ टक्के तीन न्यायमूर्तींच्या वाट्याला आले: गिन्सबर्ग, सोटोमायोर, केगन. नऊ जणांच्या पीठात या तिघीच बायका. त्यांना तोडणाऱ्यांत वकीलही होते, ज्यांनी न्यायमूर्ती बोलू लागले की थांबायचं असा तिथला स्पष्ट दंडक आहे!

त्याच अभ्यासातली एक बारीक नोंद मला आकड्यांपेक्षा जास्त लागली. नव्याने आलेल्या न्यायमूर्ती बाई सुरुवातीला ‘मी विचारू का’, ‘माफ करा, पण’ अशी प्रस्तावना करायच्या, आणि त्या प्रस्तावनेतच कोणीतरी घुसायचं. वर्षं गेली तशा त्या हे शब्द टाकून देत गेल्या. थेट प्रश्न. आपण मुलींना ‘अदबीने बोल’ म्हणून वाढवतो, आणि ती अदब म्हणजेच दुसऱ्याला शिरायला फट ठरते.

तिथे पुढे बदल झाला. २०२१ पासून मोकळ्या प्रश्नोत्तरांनंतर प्रत्येक न्यायमूर्तीला ज्येष्ठतेप्रमाणे स्वतःची वेगळी पाळी मिळू लागली. सोन्या सोटोमायोर यांनी त्या वर्षी जाहीरपणे सांगितलं की अशा अभ्यासांचा या बदलात वाटा आहे.

ओबामांच्या व्हाइट हाउसमधल्या बायकांनी नियमाची वाट पाहिली नाही. सुरुवातीला वरच्या सल्लागारांत दोन तृतीयांश पुरुष. मग बायकांनी आपसात ठरवलं: एकीने मुद्दा मांडला की दुसरीने तो पुन्हा उच्चारायचा, पहिलीचं नाव घेऊन. म्हणजे मुद्दा हवेत विरणार नाही आणि दुसऱ्या कोणाच्या खात्यात जमाही होणार नाही.

हे वाचलं तेव्हा मला माझी पहिली नोकरी आठवली. बैठकीत मी एक सूचना केली, कोणी मान वर केली नाही. वीस मिनिटांनी एका सहकाऱ्याने तीच केली, आणि टिपण घेणाऱ्याचं पेन हललं. तेव्हा कोपऱ्यात बसलेल्या, निवृत्तीला आलेल्या एक मॅडम शांतपणे म्हणाल्या, ‘हे हिने मघाशी सांगितलं. हिचं नाव घाला.’ व्हाइट हाउसच्या कितीतरी आधी त्यांना हे साधलेलं होतं. तो कागद माझ्याकडे अजून आहे.

फटकळ कोण?

पुरुष रोखठोक बोलला तर मराठीत तो ‘स्पष्टवक्ता’. बाई तेच बोलली तर ‘फटकळ’. इंग्रजीतही या शब्दाचा सख्खा भाऊ आहे, ‘अब्रेझिव्ह’. २०१४ मध्ये किअरन स्नायडर यांनी अमेरिकेतल्या २८ कंपन्यांमधले २४८ वार्षिक कामगिरी-अहवाल जमवून वाचले. हा शब्द १७ वेळा सापडला. सतराच्या सतरा वेळा बायकांच्या अहवालात.

मार्गारेट थॅचर यांनी आवाज भारदस्त करायला शिकवणी लावली होती, हे पुष्कळांना माहीत असतं. तरी मुलाखतकार त्यांना सारखे मध्येच तोडायचे. जेफ्री बीटी आणि सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात कारण मांडलं: थॅचर यांचा सूर वाक्य संपायच्या आधीच झपकन खाली यायचा, आणि समोरच्याला वाटायचं, झालं यांचं. उतरता सूर! कॅन्टीनमधल्या बायकांनी आणि ब्रिटनच्या पंतप्रधानांनी एकाच सुरासाठी किंमत मोजली.

बोलण्याआधीच

कधी कधी तोंड उघडायची पाळीच येत नाही. मेरिअन बर्ट्रंड आणि सेंधिल मुल्लईनाथन यांनी बॉस्टन आणि शिकागोमधल्या नोकरीच्या जाहिरातींना सुमारे ५,००० अर्ज पाठवले. पात्रता सारखी, निम्म्यांवर एमिली, ग्रेग अशी गोरी वाटणारी नावं, निम्म्यांवर लकीशा, जमाल अशी काळी वाटणारी. २००४ मध्ये निष्कर्ष छापून आला: गोऱ्या नावांना ५० टक्के जास्त बोलावणी.

तीच पद्धत घेऊन आपले मराठी अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात यांनी पॉल अॅटेवेल यांच्याबरोबर भारतातल्या इंग्रजी दैनिकांतल्या जाहिरातींना अर्ज पाठवले. २००७ मध्ये निकाल आला. सवर्ण हिंदू आडनावाच्या तुलनेत दलित आडनावाला बोलावणं येण्याचं प्रमाण सुमारे दोन तृतीयांश, मुस्लीम नावाला एक तृतीयांश. सारी शिकलेली, पदवीधर ‘माणसं’, सारे अर्ज खासगी कंपन्यांना. ‘आडनाव काय तुमचं?’ हा प्रश्न आपण किती सहज विचारतो.

पर्समधली पाटी

शेवटची गोष्ट पुन्हा कॅन्टीनचीच. १९४३, व्हर्जिनियातली लँग्ली विमानसंशोधन प्रयोगशाळा, पुढे जी नासाचा भाग झाली. हातांनी गणितं करणाऱ्या कर्मचाऱ्यांना तिथे ‘कॉम्प्युटर’ म्हणत. काळ्या गणितज्ञ बायका दुपारी जेवायला जात, तेव्हा मागच्या एका टेबलावर पुठ्ठ्याची पाटी उभी असे: ‘कलर्ड कॉम्प्युटर्स’. टेबल ठरलेलं, पाटीही ठरलेली.

त्यांच्यातल्या मिरिअम मान उंचीने अगदी लहानखुऱ्या. एके दिवशी त्यांनी ती पाटी उचलली आणि पर्समध्ये घातली. काही दिवसांनी टेबलावर नवी पाटी आली. त्यांनी तीही पर्समध्ये घातली. नवऱ्याने घरी बजावलं, अशाने नोकरी जाईल. जाऊ दे, म्हणाल्या. पुन्हा पाटी आली, पुन्हा पर्समध्ये गेली. असं बरेच दिवस चाललं. मग एका दुपारी त्या जेवायला गेल्या, तर टेबलावर पाटी नव्हती. आणि त्यानंतर ती पुन्हा आली नाही.